पावणेनऊ इंच

टेपआक्का समोरच्या बाईच्या दंडाकडे बघून बोलत. दारात कोणी उभं राहिलं की त्यांची नजर आधी कोपराच्या वर चार बोटं जाऊन थांबे आणि मग तोंडाकडे येई. नव्या माणसाला ते जरा अवघड वाटे. मी डिंडोलीत त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले, त्या दिवशी हातातली ट्रंक खाली ठेवण्याआधी त्यांनी मला विचारलं, "आजारी होतात काय? दंड उतरलाय तुमचा." महिनाभरापूर्वी मला टायफॉईड होऊन गेला होता. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

ही गोष्ट १९९५ सालची. प्लेगच्या साथीत रिकामी झालेली सुरत पुन्हा भरली होती, रस्ते पूर्वीपेक्षा स्वच्छ होते आणि लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने, तिन्ही पाळ्यांत चालू होती. मी एका वृत्तपत्राच्या सुरत कचेरीत काम करत होते. आक्का मूळच्या धुळ्याकडच्या. त्यांचे यजमान कडोदऱ्याला एका लूम खात्यात मुकादम होते आणि आक्का घरी ब्लाऊज शिवत. आंघोळ आणि जेवण सोडलं तर त्यांच्या गळ्यातली टेप कधी उतरत नसे, म्हणून सगळी वस्ती त्यांना टेपआक्का म्हणे. एका शेजारणीने एकदा त्यांना विचारलं होतं, "आक्का, मंगळसूत्र कुठाय?" आक्कांनी टेप बाजूला सारून मंगळसूत्र दाखवलं आणि म्हणाल्या, "हे आत असतं. पोट भरतं ते वर असतं."

त्यांच्याकडे मापांची एक जाड वही होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. दुसरे शिंपी नवं माप घेतलं की जुनं खोडतात. आक्का खोडत नसत. जुन्याखाली नवं लिहीत आणि पुढे महिना टाकत. त्यामुळे एकेका बाईची आठ-आठ, दहा-दहा वर्षं त्या पानावर उभी असत. पाठ आणि खांदा फारसे बदलत नाहीत. छाती, कंबर आणि दंड बदलतात. आक्कांचा विश्वास दंडावर होता. "कंबर वाऱ्यानंही फुगते," त्या म्हणत, "दंड फुगत नाही. दंडाला जे येतं ते खाल्लेलं असतं, आणि जे जातं ते कुणीतरी खाल्लेलं असतं."

गर्भार बायांची पानं त्या वेगळ्या नजरेने बघत. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवून ती सोडता येते. आक्कांचं म्हणणं असं, की बाईचा देहही हेच करतो. पहिले पाच महिने तो कंबरेला, मांडीला, पाठीला, थोडं दंडालाही आत दुमडून ठेवतो. त्या काळात दंड पाव इंच तरी वाढला पाहिजे. सहाव्यापासून तो ठेवलेलं सोडायला लागतो. "पोटातलं लेकरू ताटातलं खातं आणि आई आधीचं ठेवलेलं खाते," असं त्या मला एकदा हुक लावता लावता म्हणाल्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. अठरा वर्षं ब्लाऊज सैल करून आणि पुन्हा आवळून देताना त्यांनी ते पाहिलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बँकेतल्या कारकुनाचं कुटुंब राहत होतं. नागपूरकडचं. त्या वहिनींना दिवस गेले आणि त्या अशा भरल्या की येणारी-जाणारी बाई दृष्ट काढल्याचा हावभाव करून जाई. सहाव्या महिन्यात त्या ब्लाऊज सैल करायला आल्या. आक्कांनी दंड मोजला, कंबर मोजली, वही काढली.

"वहिनी, दवाखान्यात जाऊन या."

"का हो? माझी तब्येत तर छान आहे. सगळे म्हणतात, बाळसं तुम्हीच धरलंय."

"तेच ना. दंड जागेवर आहे आणि पोटावरचं वाढत सुटलंय. आधीपण तुमचं पोटावरच होतं. जे खर्च व्हायला पाहिजे ते होत नाहीये. लघवीला जास्त लागतं काय?"

वहिनी रागावून गेल्या. चार दिवसांनी त्यांचे यजमान पेढे न आणता आले आणि आक्कांच्या पाया पडले. रक्तात साखर निघाली होती. बाळंतपण नीट झालं. त्यानंतर वस्तीत आक्कांना मान मिळाला आणि टोमणेही. "माझा बीपी पण मोजा की टेपनं," असं मागच्या चाळीतली म्हातारी जाता-येता म्हणे. आक्का तिला म्हणत, "तुझी जीभ मोजते आधी. टेप पुरली तर."

मागच्या चाळीत सुनंदा राहत होती. वय वीस असेल. दोंडाईच्याच्या पुढच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली. नवरा लूमवर, घरात सासू, आणि दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम. बोलायला तिखट आणि हसायला मोकळी. तिचं आणि आक्कांचं बोलणं अहिराणीत चाले. इथे मी ते बहुतेक साध्या मराठीत देते. घटस्थापनेच्या सुमारास ती पहिल्यांदा माप द्यायला आली तेव्हा तिसरा महिना होता. दंड साडेनऊ. मार्गशीर्षात आली तेव्हा सव्वानऊ. आक्कांनी टेप काढून पुन्हा लावली होती, हे मी स्वतः पाहिलं. पाचव्या महिन्यात दंड वाढायला हवा होता, तो पाव इंचानं कमी होता.

"खात नाहीस काय गं?"

"खाते ना. सासूबाई अर्धी भाकर देतात, मी अर्धी खाते. हिशोब बरोबर."

आक्का सासूकडे गेल्या. सासूला सगळे शेवंतामाय म्हणत. ती वाईट बाई नव्हती. तिची थोरली नणंद पहिल्या बाळंतपणात मूल अडून गेली होती. शेवंतामाय तेव्हा तिच्या उशाशी बसलेली होती. तेव्हापासून तिची पक्की समजूत झाली होती की गर्भार बाईनं पाचव्यानंतर पोटभर खाल्लं की मूल फुगतं आणि मग सुटका होत नाही. "लेकरू बारीक तर बाळंतपण हलकं," ती म्हणाली. "मी तिला उपाशी ठेवते असं वाटतं काय तुम्हाला? मी तिला वाचवतेय." आक्कांनी समजावलं, शेवंतामायनं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि काही बदललं नाही.

सातव्या महिन्यात ओटी भरायची होती. सुनंदाची आई गावाहून येणार होती आणि त्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला घेऊन जाणार होती. आठवडाभर आधी सुनंदा हिरव्या ब्लाऊजचं कापड घेऊन आली. दंड पावणेनऊ भरला. आक्कांनी आकडा लिहिला आणि पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. मी माझा ब्लाऊज न्यायला आले होते आणि उंबऱ्यावर बसले होते, म्हणून पुढचं बोलणं मला शब्दशः आठवतं.

"आक्का, बाही कोपरापर्यंत लांब करा. आतून जाड अस्तर घाला, दुहेरी. आणि काठ घट्ट मारा. दंड भरल्यासारखा दिसला पाहिजे."

"कशाला?"

"माय येतेय ना. मला अशी बघितली तर भरल्या बायांत रडत बसेल."

"रडू दे की. रडली तर लवकर घेऊन जाईल."

"घेऊन तर जाणारच आहे. पण रडून नको ना. सासूबाईंची मान खाली जाईल, परत मला इथंच यायचंय." मग ती हसली. "करा ना, आक्का. तुमच्या हातानं तर हँगरसुद्धा गर्भार दिसेल."

आक्कांना हसू आलं. त्या हसल्या आणि त्या हसण्यातच होकार गेला.

ओटी भरण्याच्या दिवशी अंगणात चौदा-पंधरा बाया जमल्या होत्या. सुनंदा पाटावर बसली होती. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, आणि हिरव्या बाहीत तिचे दंड गोल, घट्ट दिसत होते. गाणी झाली. शेवंतामाय विहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडे खायला कमी नाही हो!" सुनंदाची आई उंच, सुकलेली, कमी बोलणारी बाई होती. तिनं लेकीला ओवाळलं, दोन्ही दंडांना धरून पाटावरून उठवलं आणि म्हणाली, "भरली माझी लेक." आक्का माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी टेप गळ्यातून काढून हातात घेतली होती आणि ती त्या बोटांभोवती गुंडाळत होत्या.

त्याच संध्याकाळी आईनं सांगितलं की लेक इथं सुखात आहे, तेव्हा महिनाभर इथंच राहू दे. आठवा सरला की नेते. शेवंतामायला हा मोठाच मान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटीच उधन्याला जाऊन भुसावळ पॅसेंजरमध्ये बसली.

एकवीस दिवसांनी सुनंदाला कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, लहानशी, काचेच्या पेटीत ठेवावी लागली. सुनंदाचं रक्त फार गेलं. ते थांबलं, पण तिला ताकद आली नाही. सलाईन लावलं, रक्त दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

अकराच्या सुमाराला तिला घरी आणलं. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी नेसवायची होती आणि तोच ब्लाऊज काढला होता. थोड्या वेळाने शेवंतामाय आक्कांच्या दारात आली. तिच्या हातात ब्लाऊज होता.

"आक्का, बाही चढत नाही. हात सुजलेत तिचे. जरा उसवून द्या."

आक्कांनी ब्लेड घेतलं. शिवण उसवताना त्यांचा हात कधी अडखळत नसे, त्या दिवशीही अडखळला नाही. एक बाही, मग दुसरी. दुहेरी अस्तराच्या दोन पट्ट्या निघून त्यांच्या मांडीवर पडल्या. शेवंतामाय त्या पट्ट्यांकडे बघत राहिली.

"हे काय घातलं होतं आत?"

"अस्तर," आक्का म्हणाल्या.

"बाहीला एवढं?"

आक्कांनी ब्लाऊज घडी करून पुढे केला. ब्लाऊज घेऊन ती गेली.

पुढच्या आठवड्यात मी त्या दवाखान्यातल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंना भेटले. मला बातमी लिहायची नव्हती, समजून घ्यायचं होतं. त्यांनी सांगितलं ते आक्कांच्या बोलण्याहून फार वेगळं नव्हतं, फक्त शब्द वेगळे होते. पहिल्या अर्ध्या काळात बाईचं शरीर अन्नातलं बाजूला काढून चरबी साठवतं. पुढच्या अर्ध्यात ते साखरेला थोडं बधिर होतं. साखर बाळासाठी रक्तात राहू देतं आणि स्वतः त्या साठवलेल्या चरबीवर चालतं. पोटावर आधीचाच साठा फार असेल तर तो बधिरपणा हाताबाहेर जातो आणि साखर चढते. साठा झालाच नसेल, तरी बाळाची मागणी थांबत नाही. मग शरीर आपलं मांस खर्चायला काढतं. मी त्यांना आक्कांच्या वहीबद्दल, त्यातल्या वहिनींच्या आणि सुनंदाच्या मापांबद्दल सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"साडेनऊ, सव्वानऊ, पावणेनऊ. हे लिहून ठेवलं होतं त्यांनी?"

"हो."

"त्या बँकवाल्या बाईंना पाठवलं होतं ना माझ्याकडे? मग हिला का नाही पाठवलं?"

हा प्रश्न मी आक्कांपर्यंत नेला नाही. गरज नव्हती. त्या स्वतःला दुसरं काहीच विचारत नव्हत्या. "वहीत होतं," त्या म्हणत. "मी वाचलं नाही असं नाही. वाचलं आणि बाही मारली. तिच्या आईला रडायचा हक्क होता, तो मी अस्तर घालून झाकला. ती रडली असती तर लेकीला घेऊन गेली असती." काम करताना मधेच त्यांचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबे. टेप हातात असली की बोटं आपोआप एका खुणेवर जात, टेपचा गोल करून तो टेबलावर ठेवत, आणि आक्का त्या रिकाम्या गोलाकडे बघत बसत. तो गोल किती इंचांचा आहे हे मी कधी विचारलं नाही. दुपारी दार लावलेलं असताना त्या दोनदा उठून उघडायला गेलेल्या मी पाहिल्या. बाहेर कोणी नव्हतं. "हाक आल्यासारखी वाटली," एवढंच म्हणाल्या.

लहान मुलीला दीड महिन्यानं सुनंदाची आई येऊन घेऊन गेली. त्या वेळी आक्का घरातून बाहेर आल्या नाहीत.

भुईमूग निघाला तेव्हा, म्हणजे सहा-सात महिन्यांनी, त्या एकदम माझ्या खोलीत आल्या. "मला तिच्या आईला सांगायचंय. एकटीनं जायचा धीर होत नाही. येता काय?" आम्ही उधन्याहून सकाळची पॅसेंजर धरली. दोंडाईच्याला उतरून जीपनं पुढे गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

सुनंदाची आई ओट्यावर बसून भुईमुगाच्या वेलांच्या शेंगा तोडत होती. तिनं पाणी दिलं, बसायला गोणपाट दिलं आणि पुन्हा शेंगा तोडायला लागली. आक्कांनी लुगड्याचा पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"ताई, एक सांगायला आले. ओटीच्या दिवशी तिचा दंड भरलेला नव्हता. बाहीत मी अस्तर भरलं होतं. तिनं मागितलं आणि मी दिलं. मला तिचं माप माहीत होतं. तुम्हाला कळू दिलं नाही."

शेंगा तोडण्याचा आवाज थांबला नाही. बाई म्हणाली, "कितला व्हता?"

"पावणेनऊ इंच."

"माले आठच वाटना."

आठच वाटला, म्हणजे कसा, याचा मला आधी अर्थ लागला नाही. आक्कांना लागला असावा, कारण त्यांनी पदर सोडला. बाईनं वेल बाजूला ठेवला आणि हाताची माती झटकली.

"पाटावरून उठवताना दंड धरला ना मी. हातात नुसतं कापड आलं. आत काही नव्हतं. आईच्या हाताला कळत नाही होय, आक्का?"

"मग तुम्ही..."

"घरी सुनेलाही सातवा होता. गाय एक, तीही आटत आलेली. दोन गर्भार पोटं एका चुलीवर कशी घालू? कोणाच्या ताटातलं काढून कोणाला वाढू? येताना रस्ताभर हाच विचार होता. तिथं आले तर बाही भरलेली. सगळ्या बाया म्हणत होत्या, भरली, भरली. मी पण म्हटलं." तिनं हात पदराला पुसले. "तुमची बाही नसती तर मला तिला आणावं लागलं असतं."

आतून मूल रडल्याचा आवाज आला आणि मग थांबला. दारातून आत दिसत होतं. तिची सून भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या दोन्ही मांड्यांवर दोन लेकरं होती. एक धष्टपुष्ट मुलगा, आणि एक बारीक, मोठ्या डोळ्यांची मुलगी.

"दोघांना पाजते," सुनंदाची आई म्हणाली. "तेव्हा वाटलं, पुरणार नाही. आता पुरतंय."

तिनं पुन्हा वेल उचलला. आक्का उठून आत गेल्या नाहीत, मुलीला हातही लावला नाही. निघताना बाईनं आम्हाला फडक्यात शेंगा बांधून दिल्या आणि आक्कांनी त्या घेतल्या.

त्यानंतर मी दीड वर्ष डिंडोलीत होते. आक्कांच्या कामात एकच फरक पडला. गर्भार बाई माप द्यायला आली की त्या दंडाचा आकडा मोठ्यानं सांगू लागल्या. बाईला, सासूला, सोबत आलेल्या कोणालाही. मागच्या महिन्याचा आकडाही सांगत. पाव इंच उतरला असेल तर मशीन सोडून उठत आणि तिला स्वतः दवाखान्यात घेऊन जात. काही गिऱ्हाइकं तुटली. एक सासू भांडायला आली, "कापड शिवायला दिलंय, चारचौघांत अब्रू काढायला नाही." आक्कांनी तिलाही सुनेच्या दंडाचा आकडा सांगितला.

१९९८ साली माझी बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढवून मी निरोप घ्यायला खाली गेले. आक्का काज करत बसल्या होत्या. इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं. सुनंदाच्या आईनं स्वतःहून सांगितलं, की तिलाही माहीत होतं. त्यानं तुमच्या मनावरचं ओझं काही हलकं झालं का?

त्यांनी दोरा तोडला.

"हलकं? आधी मला वाटायचं, त्या दिवशी मला एकटीलाच ठाऊक होतं." त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. "आता वाटतं, त्या अंगणात गाणी म्हणणाऱ्या आम्ही पंधराजणी होतो. कुंकू लावताना प्रत्येकीनं तिच्या खांद्याला-दंडाला हात लावला होता. त्यांतल्या किती जणींना ठाऊक असेल?"

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. आक्कांनी पुढचं काज करायला घेतलं.